लेकराची शुगर घसरणाऱ्या घरातून: तीन ग्लुकोमीटरचा अनुभव

ग्लुकोमीटरविषयीचे बहुतेक अभिप्राय मधुमेह असलेल्या माणसांनी किंवा त्यांच्या मुलांनी लिहिलेले असतात, आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न जेवणानंतरची शुगर १८० आली की २१० हा असतो. आमच्या घरातला प्रश्न नेमका उलटा आहे. माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला जन्मजात हायपरइन्शुलिनिझम हा स्वादुपिंडाचा दुर्मीळ आजार आहे. त्याचे स्वादुपिंड गरज नसतानाही इन्शुलिन सोडत राहते आणि त्यामुळे शुगर खाली जाते. गेल्या तीन वर्षांत आम्ही तीन ग्लुकोमीटर वापरले, एकदा दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर वापरून पाहिला आणि सहा हजारांच्या आसपास स्ट्रिप संपवल्या. हे सगळे परभणीत, म्हणजे जिथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो अशा गावात झाले, आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एका घरातील वाचनांवरून एखाद्या कंपनीला चांगले-वाईट ठरवणे न्यायाचे होणार नाही. या यंत्राकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, एवढेच सांगायचे आहे.

आधी आजाराबद्दल लिहिणे भाग आहे, कारण तो समजून न घेता घेतलेले यंत्र आमच्याकडे वर्षभर चुकीच्या पद्धतीने वापरले गेले. मुलगा पाच महिन्यांचा असताना एका पहाटे त्याचे डोळे वर गेले आणि हातपाय ताठ झाले. ज्या दवाखान्यात नेले तिथे मेंदूचा आलेख काढून फिट्सचे औषध सुरू करण्यात आले. तीन आठवड्यांत तेच दोनदा पुन्हा घडले, दोन्ही वेळा पहाटे, रात्रीच्या लांब झोपेनंतर. तिसऱ्या वेळी आम्ही माहेरच्या गावी होतो. तिथल्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरने डॉक्टर येण्यापूर्वीच सवयीने बाळाच्या टाचेला सुई टोचली आणि यंत्रावर ३४ हा आकडा आला. सलाईनमधून ग्लुकोज सुरू झाल्यावर थोड्याच वेळात बाळ रडू लागले. आधीच्या दवाखान्यात शुगर कोणीच तपासली नव्हती. त्याबद्दलचा राग आता ओसरला आहे, पण ज्या बाळाला पहिल्यांदा झटका येतो त्याची शुगर त्याच क्षणी पाहिली जावी, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले आहे.

पुढे छत्रपती संभाजीनगरला, परभणीहून रेल्वेने तीन-चार तासांच्या अंतरावर, मुलाला दाखल करून निदान झाले. डॉक्टरांनी देखरेखीखाली त्याला उपाशी ठेवले आणि शुगर ५०च्या खाली गेल्याबरोबर रक्त घेतले. त्या एका नमुन्यात इन्शुलिन, त्याच्यासोबतच तयार होणारे सी-पेप्टाइड, किटोन आणि फॅटी अ‍ॅसिड असे सगळे एकाच वेळी तपासले जाते. निरोगी मुलाची शुगर एवढी खाली गेली तर इन्शुलिन जवळजवळ बंद व्हायला हवे आणि शरीराने चरबी जाळून किटोन तयार करायला हवेत. माझ्या मुलाच्या रक्तात इन्शुलिन होते आणि किटोन नगण्य होते. नंतर यकृतातील साखर मोकळी करणाऱ्या ग्लुकागॉनचे इंजेक्शन दिल्यावर शुगर भराभर वर आली. यकृतात साखरेचा साठा होता, इन्शुलिनने तो अडवून धरला होता, असा त्याचा अर्थ डॉक्टरांनी सांगितला.

किटोन नसणे ही या आजारातली सर्वांत घातक गोष्ट आहे. दिवसभर न जेवलेल्या लहान मुलाची शुगर कधीकधी कमी होते, पण त्याच्या मेंदूला किटोनचे दुसरे इंधन मिळत असते. हायपरइन्शुलिनिझममध्ये इन्शुलिन साखरही काढून घेते आणि चरबी जळू देत नाही, त्यामुळे मेंदूची दोन्ही चुलीवरची भाकरी एकाच वेळी बंद होते. निदान आणि उपचार उशिरा झालेल्या मुलांमध्ये बोलणे, शिकणे किंवा हालचाल यांच्या अडचणी मोठ्या प्रमाणात आढळतात. म्हणूनच इतर मुलांमध्ये चालून जाणारा ५५चा आकडा आमच्या डॉक्टरांना चालत नाही. त्यांनी घातलेली सीमा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे.

स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशीचे काम धरणाच्या दरवाजासारखे चालते. रक्तातील साखर पेशीत शिरते, तिथे ती जळून ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेमुळे पेशीच्या आवरणावरचा पोटॅशियमचा मार्ग बंद होतो, मग कॅल्शियम आत येते आणि इन्शुलिन बाहेर सोडले जाते. पाणी वाढले तरच जायकवाडीचे दरवाजे उघडावेत, तसे साखर वाढली तरच इन्शुलिन सुटावे. या आजारात दरवाजा पाण्याची पातळी पाहतच नाही. असे का घडते याची कारणे अनेक असून ती वेगवेगळ्या जनुकांत दडलेली आहेत. सर्वाधिक आढळणारे दोष एबीसीसी८ आणि केसीएनजे११ या जनुकांत असतात आणि ते थेट पोटॅशियमच्या मार्गालाच बिघडवतात. अशी काही बाळे जन्मतःच चार-साडेचार किलोंची असतात, कारण गर्भात इन्शुलिन वाढीचेच काम करते. आपल्याकडे अशा गुटगुटीत बाळाचे कौतुक होते आणि साखरेकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझा मुलगा जन्मला तेव्हा सव्वातीन किलोंचा होता. त्याच्यातील दोष एचएडीएच या कमी आढळणाऱ्या जनुकात निघाला.

इथे आमच्या भागातली एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून लिहिते. माझे लग्न आतेभावाशी झाले आहे, सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत आणि मराठवाड्यात यात कोणाला काही वेगळे वाटत नाही. एचएडीएचचा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाच आजोबांकडून आलेले दोषी जनुक आम्हा दोघांत गुपचूप होते. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. युरोपात साधारण २५ ते ५० हजार जन्मांमागे एक बाळ या आजाराचे असते, तर नात्यातील लग्नांचे प्रमाण मोठे असलेल्या सौदी अरेबियात हेच प्रमाण अडीच हजारांमागे एक असे नोंदले गेले आहे. आत्याबाईंना हे समजावून सांगताना मला खूप जड गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "म्हंजी लेकराला शुगरच झाली ना?" शुगर म्हणजे मधुमेह हे समीकरण इतके पक्के आहे की आजही नातेवाईक त्याच्यासमोर पेढा ठेवायला घाबरतात, जेव्हा ऐन वेळी त्याला साखरेचीच गरज असते.

आता यंत्राकडे येते.

पहिला ग्लुकोमीटर आम्ही मेडिकलमधून सर्वांत स्वस्त म्हणून घेतला. एका दुपारी एकाच बोटातून लागोपाठ दोन थेंब घेतले, तर एक वाचन ६१ आणि दुसरे ७४ आले. यंत्र खराब आहे म्हणून मी दुकानदाराशी वाद घातला. माझे चुकले होते. घरगुती ग्लुकोमीटरसाठी जगभर वापरले जाणारे मानक आयएसओ १५१९७ असे आहे, आणि त्याच्या २०१३च्या आवृत्तीनुसार शंभरपेक्षा कमी शुगरवर यंत्राची ९५ टक्के वाचने प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा जास्तीत जास्त १५ने वर किंवा खाली असली तरी चालतात. म्हणजे मुलाची खरी शुगर ६५ असेल तर ५० आणि ८० ही दोन्ही वाचने मानकात बसतात. मधुमेही माणसाला २२० ऐवजी २४० दिसले तर औषधात फारसा फरक पडत नाही. पण आमचा सगळा संसार ५० ते ८० यांच्यामध्येच चालतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात यंत्राची चूक आमच्या निर्णयाएवढी मोठी आहे.

हे कळल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही वापराची पद्धत बदलली. ७०च्या खाली काहीही आले की आधी ग्लुकोज द्यायचे, पुन्हा तपासण्याचा घोळ नंतर घालायचा. ७० ते ८० आले तर साबणाने हात धुऊन वीस मिनिटांनी पुन्हा पाहायचे. आणि वाचन ९५ असूनही मूल घामाघूम, सुस्त किंवा चिडचिडे दिसले तर आकड्यावर विश्वास न ठेवता मुलावर ठेवायचा. या तीन वाक्यांचा कागद फ्रिजवर लावलेला आहे, आणि त्यातले तिसरे वाक्य आत्याबाईंना सांगावे लागले नाही, त्या पहिल्यापासून तसेच करत होत्या.

हात धुण्याविषयी मी जास्त काटेकोर का झाले, त्याचे कारण आंबा. उन्हाळ्यात मुलगा दिवसभर हाताला रस लागलेला घेऊन फिरतो. अशा बोटातून काढलेल्या थेंबाचे वाचन १४८ आले होते. संशय आल्याने हात धुऊन पाहिले तर ६६. ओल्या कापसाने पुसणे पुरेसे होत नाही, साबण आणि पाणी लागते, आणि नंतर बोट कोरडे करावे लागते, कारण पाण्याने थेंब पातळ झाला तर वाचन उलट बाजूला घसरते. मधुमेही घरात अशी चूक झाली तर थोडी जास्त काळजी वाटेल, आमच्याकडे त्या १४८ने मुलाला झोपू दिले असते.

रक्तक्षयाची बाबही अशीच आहे. स्ट्रिपवर पडणाऱ्या थेंबात लाल पेशी कमी असतील तर बरीच यंत्रे शुगर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, लाल पेशी जास्त असतील तर कमी दाखवतात. वर्ष-दीड वर्षाच्या वयात आमच्या मुलाचे हिमोग्लोबिन कमी होते, आणि त्या काळातील प्रयोगशाळेचे आकडे आमच्या यंत्रापेक्षा वारंवार दहा-बाराने कमी आले. दुसरे यंत्र घेताना मी माहितीपत्रकात लाल पेशींच्या प्रमाणाची मर्यादा शोधली. ज्यात ही मर्यादा रुंद दिलेली आहे ते यंत्र लहान मुलासाठी घ्यावे, दोन-तीनशे रुपयांचा फरक पडला तरी. प्रयोगशाळेशी तुलना करतानाही एक खबरदारी घ्यावी. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच ते सात टक्के शुगर कमी होत जाते. नमुना फ्लोराइड असलेल्या करड्या झाकणाच्या नळीत घेऊन लगेच प्रयोगशाळेत गेला पाहिजे. आमच्या एका नमुन्याला दुपारच्या उन्हात दोन तास लागले आणि आलेल्या ४८च्या अहवालाने सगळ्यांची धांदल उडवली, घरचे वाचन मात्र ७१ होते.

परभणीच्या उन्हाविषयी कोणत्याही पेटीवर लिहिलेले नसते, तरी त्याचे उत्तर पेटीतच असते. बहुतेक स्ट्रिप ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. आमच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात एप्रिलपासून रात्रीसुद्धा ३४ अंश असतात. फ्रिजमध्ये ठेवल्यास दमटपणाने स्ट्रिप बिघडतात आणि थंड डबी उघडताक्षणी आत ओल धरते. शेवटी जुन्या वाड्याच्या मधल्या खोलीतील भिंतीतल्या कपाटात, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मूळ डबी ठेवायला सुरुवात केली. एकदा दुचाकीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या डबीतील स्ट्रिप मी नियंत्रण द्रावणावर तपासली, तेव्हा वाचन डबीवर छापलेल्या मर्यादेच्या बाहेर गेले आणि ती डबी टाकून द्यावी लागली. हे द्रावण म्हणजे ठरावीक साखरेचे पाणी असते आणि स्ट्रिप ठीक आहेत की नाहीत हे त्यावरून कळते. परभणीत कोणत्याही मेडिकलमध्ये ते तयार मिळाले नाही, मागवून घ्यावे लागले. यंत्र विकताना द्रावण न देणे म्हणजे तराजू विकून वजने न देणे.

खर्चाचा हिशेब थोडक्यात देते. आमच्या ५० स्ट्रिपच्या डबीला साधारण ९०० रुपये पडतात, म्हणजे एक तपासणी १८ रुपयांची. पहिल्या वर्षी दिवसाला आठ तपासण्या होत्या, म्हणजे महिन्याला ४,३०० रुपयांच्या वर. यंत्र स्वस्त आणि स्ट्रिप महाग हा व्यापार उघडच आहे, त्यामुळे यंत्राची किंमत न पाहता स्ट्रिपची किंमत आणि गावात मिळण्याची खात्री पाहावी. दुसरे यंत्र अचूकतेत उत्तम होते, पण दिवाळीच्या सुटीत त्याच्या स्ट्रिप शहरभर संपल्या आणि आम्हाला ते कपाटात ठेवावे लागले.

सेन्सरकडून मोठी आशा होती. चार-पाच हजार रुपयांत १४ दिवस दर काही मिनिटांनी आकडा मिळतो आणि बोट टोचावे लागत नाही. मात्र तो रक्तातील साखर मोजत नाही, त्वचेखालच्या पाण्यातील मोजतो, आणि ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे चालते. शुगर वेगाने घसरत असेल तेव्हा ही दहा मिनिटे फार मोठी असतात. मुलगा त्या कुशीवर झोपला की दाबामुळे खोटी घसरण दिसे आणि रात्री दोन वाजता अलार्म सगळ्या घराला उठवी. नवव्या दिवशी घामाने तो सुटून पडला. तरीही तो वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण आम्हाला जे कळत नव्हते ते त्याच्या आलेखाने दाखवले: पहाटेच्या घसरणीबरोबरच जेवणानंतर तासाभराने दुसरी घसरण होत होती.

तिचे कारण पुन्हा आजारातच होते. एचएडीएचच्या दोषामुळे ग्लुटामेट डीहायड्रोजनेज या एन्झाइमवरचा लगाम सुटतो आणि प्रथिनांमधील ल्युसीन पोटात गेले की इन्शुलिन सुटू लागते. नुसते वरण, नुसते अंडे किंवा पनीरचा तुकडा खाल्ल्यावर माझ्या मुलाची शुगर वाढत नाही, खाली येते. मधुमेही लोक जेवणानंतर शुगर किती चढली हे पाहतात, आम्ही किती उतरली हे पाहतो. तेव्हापासून वरण भाताबरोबरच, अंडे भाकरीबरोबरच, आणि रात्री झोपताना डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने न शिजवलेला मक्याचा स्टार्च (कॉर्नफ्लोअर) पाण्यात. औषध डायझॉक्साइड आहे. ते बीटा पेशीवरचा पोटॅशियमचा मार्ग उघडा ठेवते आणि त्यामुळे इन्शुलिन थांबते. ज्यांचा तो मार्गच मोडलेला असतो अशा अनेक मुलांना त्याचा उपयोग होत नाही, त्यांना ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने किंवा शस्त्रक्रिया लागते. त्यातही दोष स्वादुपिंडाच्या एका छोट्या ठिपक्यात असेल तर फ्लोरोडोपा पेट स्कॅनने तो शोधून तेवढाच काढता येतो आणि मूल पूर्ण बरे होते, पण दोष सर्वत्र पसरलेला असेल तर जवळजवळ सगळे स्वादुपिंड काढावे लागून पुढे मधुमेह वाट्याला येऊ शकतो. आमच्या वाट्याला औषधाने आटोक्यात येणारा प्रकार आला. अंगावर लव वाढली आहे आणि सुरुवातीला पायांवर सूज येत होती, त्यासाठी लघवी वाढवणारे औषध जोडले गेले. लव पाहून शेजारणी काहीबाही बोलतात, त्यांना मी आता उत्तर देत नाही.

तिसरे यंत्र सध्या चालू आहे आणि त्याला मी पाचांपैकी चार गुण देईन. थेंब अर्ध्या मायक्रोलिटरपेक्षा थोडा जास्त लागतो, थेंब कमी पडला तर पुन्हा भरण्यासाठी काही सेकंद मिळतात, आकडे मोठे आहेत, तारीख-वेळेसह पाचशे वाचने राहतात आणि स्ट्रिप परभणीतच चार दुकानांत मिळते. पाचवा गुण कापला, कारण कमी शुगरचा इशारा देण्याची सीमा कारखान्यातूनच ६०वर ठेवलेली आहे आणि ती बदलता येत नाही. एक जुने यंत्र अंगणवाडीत ताईंकडे ठेवले आहे. खिचडीच्या दिवशी त्या काळजी करत नाहीत, उसळीच्या दिवशी मात्र स्वतःहून एक वाचन घेऊन मला फोन करतात.

येत्या श्रावणात आमच्याकडे दुसरे बाळ येणार आहे. तिसऱ्या यंत्राच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिले आहे की ते नवजात बाळांसाठी नाही, आणि नवजात बाळाच्या रक्तातील लाल पेशींचे प्रमाण पाहता ते योग्यच आहे. त्यामुळे प्रसूती संभाजीनगरलाच होईल, बाळाची शुगर जन्मानंतर रुग्णालयाच्या यंत्रावर आणि करड्या झाकणाच्या नळीतून प्रयोगशाळेत पाहिली जाईल आणि जनुकीय तपासणीचा नमुना त्याच आठवड्यात जाईल. घरचे यंत्र पिशवीत सोबत असेल, पण ते मोठ्यासाठी.